शिक्षक मिळत नाहीत, की टिकत नाहीत?

(मंडळाच्या मराठी शाळेचं नवं वर्ष सुरू होण्याआधी ऑगस्टमध्ये शिक्षक, पालक आणि आसपासच्या गावांतल्या मराठी शाळांचे चालक यांची एकत्र बैठक झाली. त्या बैठकीतलं हे भाषण, अंकासाठी थोडंफार नीटनेटकं करून.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी शिक्षक नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि गेली बारा-तेरा वर्षं आयटीमध्ये सल्लागार म्हणून पोट भरतो आहे. सल्लागार म्हणजे नेमकं काय, हे माझ्या आईला अजून नीट कळलेलं नाही. शेजारच्या काकूंना ती सांगते, "तो तिकडे मोठमोठ्या कंपन्यांना काय करायचं ते सांगतो." त्यावर काकू विचारतात, "मग त्या ऐकतात का?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा आज मी सांगेन ते सगळं तुम्ही ऐकलंच पाहिजे असा आग्रह नाही. पण मी ज्या चुका केल्या त्या तरी ऐकून ठेवा, म्हणजे तुमचं एखादं वर्ष वाचेल.

२०२२ च्या जूनमध्ये मंडळाच्या वार्षिक सभेला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो. तेवढ्या दहा मिनिटांत शाळाप्रमुख म्हणून माझी एकमताने निवड झालेली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची निवड अशीच झाली असणार, हे तुमच्या हसण्यावरून दिसतंच आहे!

आमची शाळा तुमच्या शाळांसारखीच. सप्टेंबर ते मे, दर रविवारी सकाळी दहा ते बारा. चर्चच्या तळघरातल्या भाड्याच्या खोल्या. सहा वर्ग, साठएक मुलं आणि नऊ शिक्षक. नऊही जण विनावेतन. फी येते ती भाडं, विमा आणि झेरॉक्स यांत संपते. बर्फामुळे दोन-तीन रविवार बुडतातच, एखादा सुपरबोलमुळे बुडतो. करोनाच्या काळात, म्हणजे मार्च २०२० पासून, शाळा झूमवर गेली होती आणि २०२१ च्या सप्टेंबरात परत तळघरात आली. मी सूत्रं हाती घेतली तेव्हा गाडी नुकतीच रुळावर येत होती.

मी काय केलं असेल? आयटीवाला काय करणार! एक्सेल शीट उघडली. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला रविवार आणि मधल्या चौकोनांत शिक्षकांची नावं. जिथे शिक्षक नाही तो चौकोन लाल. सगळे चौकोन हिरवे झाले की माझं काम संपलं. आमच्या धंद्यात माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. "दोन रिसोर्स कमी पडताहेत", "एक रिसोर्स मोकळा होतोय" ही आमची रोजची भाषा. ती मी जशीच्या तशी शाळेत आणली आणि वर्षभर स्वतःवर खूश होतो. सगळं हिरवंगार!

मे २०२३ मध्ये स्नेहसंमेलन झालं आणि पुढच्या पंधरा दिवसांत चार ईमेल आल्या. नऊपैकी चार शिक्षक पुढच्या वर्षी येणार नव्हते. त्यातल्या तिघांची कारणं समजण्यासारखी होती. एक कुटुंब टेक्सासला चाललं होतं. एकीकडे पाळणा हलणार होता. तिसरीला नोकरी लागली होती. या तिसऱ्या कारणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळ्याच शाळांना त्याचा अनुभव आहे. एच-फोर व्हिसावर आलेल्या आपल्या किती तरी शिकलेल्या मुलींना पूर्वी इथे नोकरी करताच येत नव्हती. त्यांच्या सक्तीच्या रिकामपणावर आपल्या शाळा चालत होत्या, हे कबूल करायला हवं. २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीनकार्डाचं काम एका टप्प्याच्या पुढे गेलं आहे, त्यांना कामाचा परवाना मिळू लागला. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आठवडाभर नोकरी करणाऱ्या माणसाचा रविवार आपण मागतो, तेव्हा तो किती मोलाचा आहे याचं भान आपल्याला असायला हवं.

चौथी ईमेल पहिलीच्या ताईंची होती. आपण त्यांना नुसतं 'ताई' म्हणू. दोनच ओळी होत्या. "पुढच्या वर्षी मला जमणार नाही. शाळेला शुभेच्छा." मी उत्तर दिलं, "तुमच्या योगदानाबद्दल आभार," आणि त्यांचा चौकोन लाल केला.

मग तुम्ही सगळे जे करता तेच मीही केलं. व्हॉट्सअॅपवर जाहिरात टाकली, 'शिक्षक हवेत, अनुभवाची गरज नाही.' देवळात विचारलं, किराणा दुकानात विचारलं. हो-ना करता करता दोघं मिळाले. त्यातला एक दिवाळीपर्यंत टिकला. जानेवारी २०२४ मध्ये पहिलीचा वर्ग बंद करून ती मुलं मोठ्या वर्गात बसवावी लागली. ताईंच्या वेळी त्या वर्गात अकरा मुलं होती. मोठ्या वर्गात महिनाभरानंतर चारच येत होती.

त्या अकरांत माझी मुलगी होती. ती तेव्हा सहा-सात वर्षांची. पहिल्या दिवशीच गाडीत तिने विचारलं, "बाबा, ताई कुठे गेली?" मी म्हटलं, "ताईंना जमत नाहीये." हळूहळू तिची उत्तरं इंग्रजीत यायला लागली. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे नाटक तुमच्या घरीही चालत असेल. तेव्हा मला कळलं की आई-बाबा आणि फोनवरचे आजी-आजोबा सोडले तर जिच्याशी ती मराठीतच बोलायची, अशी मोठी व्यक्ती तिच्या जगात एकच होती. ती म्हणजे ताई. आणि मी त्यांचा चौकोन लाल करून मोकळा झालो होतो.

त्याच महिन्यात मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कार्यक्रम आटोपल्यावर स्वयंपाकघरात मी भांडी विसळत होतो आणि ताई शेजारी पुसत होत्या. मी धीर करून म्हटलं, "ताई, तुम्ही सोडायच्या आधी मला एकदा सांगायचं होतंत. काही तरी मार्ग काढला असता."

त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्या जे बोलल्या ते मी घरी गेल्यावर लिहून ठेवलं. नऊ महिन्यांत मी त्यांच्या वर्गात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. त्या दर रविवारी साडेनऊला एकट्या येत. खांद्यावर झेरॉक्सची पिशवी आणि कडेवर दोन वर्षांचं बाळ, कारण नवऱ्याला वीकएंडला ऑनकॉल असायचा. वर्ग चालू असताना बाळ फळ्याखाली बसून खडू खायचं. आणि फेब्रुवारीत एका पालकांनी सगळ्या पालकांना कॉपी ठेवून ईमेल पाठवली होती की पहिलीच्या वर्गात मुलं नुसती खेळतात, शिकत काहीच नाहीत. त्या ईमेलला मी तीन मिनिटांत सगळ्यांना उत्तर दिलं होतं, "नोंद घेतली आहे, लक्ष घालतो."

ताई म्हणाल्या, "तुम्ही लक्ष घातलं असतंत तरी चाललं असतं हो. या वर्गात बसून बघा, म्हणजे खेळ कसला आहे ते कळेल, एवढं तरी लिहायचं होतंत."

तो खेळ कसला होता हे मी घरी येऊन मुलीला विचारलं. भाजीवालीचा होता. एक जण भाजीवाली, बाकीची गिऱ्हाईकं. कागदाच्या नोटा, कागदाची वांगी. दीड रुपयाची कोथिंबीर, अडीच रुपयांची मेथी, पावणेदोनला दोन लिंबं. घासाघीस करायची ती मराठीतच, इंग्रजी शब्द आला की भाजी मिळणार नाही. मंडळी, माझ्या मुलीला दीड, अडीच आणि पावणेदोन येत होतं. इथल्या किती मुलांना येतं? आणि मी त्या बाईंच्या बाजूने एक वाक्यही लिहिलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मग आमच्या जमातीची जी सवय असते त्याप्रमाणे मी वाचायला बसलो. शिक्षक शाळा का सोडतात, यावर कोणी काही अभ्यास केला आहे का ते शोधलं. भरपूर झालेला आहे. त्यातली दोन-तीन नावं सांगतो.

रिचर्ड इंगरसोल नावाचे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक आहेत. स्वतः आधी हायस्कूलमध्ये शिकवत असत. अमेरिकेत 'शिक्षकांचा तुटवडा' अशी ओरड वर्षानुवर्षं चालू होती आणि उपाय म्हणून नवे शिक्षक आणा, भरती वाढवा, असं सगळे म्हणत होते. इंगरसोल यांनी सरकारी पाहण्यांचे आकडे तपासले आणि २००१ साली एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की शिक्षक मुळात कमी तयार होतात म्हणून हा तुटवडा आहे असं नाही. मोठ्या संख्येने शिक्षक निवृत्तीच्या कितीतरी आधी नोकरी सोडतात, हे त्याचं मोठं कारण आहे. बादलीला भोक असेल तर नळ मोठा करून बादली भरत नाही. पुढे त्यांनीच सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासात दिसलं, की नव्या शिक्षकांपैकी शेकडा ४४ च्या आसपास पहिल्या पाच वर्षांत बाहेर पडतात. आणि का सोडलं असं विचारल्यावर लोकांनी काय सांगितलं? पगार हे एक कारण होतंच. पण त्याच्या जोडीला शाळेच्या प्रमुखांचा पाठिंबा नाही, मुलांच्या शिस्तीचे प्रश्न आणि निर्णयांत आम्हाला कोणी विचारत नाही, ही कारणं होती.

आता गंमत बघा. आपल्या शाळेत पगार नाहीच, त्यामुळे ते कारण आपोआप बाद. उरली ती सगळी कारणं प्रमुखाच्या हातातली. म्हणजे माझ्या!

दुसरा अभ्यास टॉमस स्मिथ आणि इंगरसोल यांचा, २००४ सालचा. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी काय दिलं तर तो टिकतो, हे त्यांनी तपासलं. दोन गोष्टी फार उपयोगी पडतात असं दिसलं. तोच विषय शिकवणारा अनुभवी सोबती, आणि इतर शिक्षकांबरोबर बसून तयारी करण्याची ठरलेली वेळ. थोडक्यात काय, तर माणूस एकटा पडता कामा नये.

तिसरी गोष्ट आमच्या आयटीतली. गूगलने २०१२ च्या सुमारास आपल्या १८० च्या आसपास टीम तपासल्या. उत्तम टीम कशाने बनते, हुशार माणसं एकत्र आणल्याने की आणखी कशाने, हा प्रश्न होता. उत्तर असं आलं की टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती माणसं एकमेकांशी कशी वागतात हे जास्त महत्त्वाचं. सगळ्यात वरचा मुद्दा होता, "मला हे येत नाही" किंवा "माझं चुकलं" असं निर्धास्तपणे म्हणता येतं का? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी हाच विचार १९९९ मध्ये मांडला होता. त्याआधी त्यांनी इस्पितळांत केलेल्या एका अभ्यासात चांगल्या टीमकडून औषधांच्या चुकांची नोंद जास्त झालेली दिसली. त्या चुका जास्त करत होत्या असं नाही, लपवत नव्हत्या इतकंच.

हे वाचलं आणि आठवलं, की वर्षभरात आमच्या एकाही शिक्षकाने मला "माझा वर्ग हाताबाहेर जातोय" असं सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं की सगळं छान चाललं आहे.

बरं, हे झालं ज्ञान. केलं काय, ते सांगतो. पुढच्या हंगामापासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, आम्ही काही गोष्टी बदलल्या. त्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. खजिनदार समोरच बसले आहेत.

पहिली गोष्ट, एका वर्गाला दोन शिक्षक. शिक्षक आधीच कमी, मग दोन कुठून आणणार? आम्ही सहाचे पाच वर्ग केले. वर्ग थोडे मोठे झाले, पण एकटं कोणी राहिलं नाही. एक जुना आणि एक नवा, अशा जोड्या लावल्या. एकाच्या घरी पाहुणे आले तर दुसरा असतो. नवा माणूस जुन्याचं बघून शिकतो, आणि जुन्यालाही नव्याकडून काही मिळतं. आमच्या एका काकांना त्यांच्या जोडीदार मुलीने ऑनलाइन शब्दकोडी बनवायला शिकवली. आता काका थांबायला तयार नाहीत!

दुसरी गोष्ट, चहा. शाळा दहाला सुरू होते, शिक्षक साडेनऊला येतात. पंचवीस मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसायचं. चहा आणि खाणं पालक पाळीपाळीने आणतात. त्या वेळात सूचना द्यायच्या नाहीत, असा नियम मी स्वतःवर घालून घेतला आहे. सूचना ईमेलने जातात. चहाला फक्त एकच प्रश्न: मागच्या रविवारी काय अडलं? पहिले तीन रविवार कोणी बोललं नाही. चौथ्या रविवारी मीच सांगितलं, की बदली शिक्षक म्हणून मी एका वर्गावर गेलो होतो आणि 'ळ' शिकवता शिकवता घामाघूम झालो, मुलं हसून लोळली. त्यानंतर एकेकाची तोंडं उघडली. प्रमुखाने आधी स्वतःची फजिती सांगावी, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

तिसरी, वर्गात जाणं. आता मी महिन्यातून एकदा प्रत्येक वर्गात वीस मिनिटं बसतो. सुरुवातीला शिक्षक घाबरले. आपल्याला शाळा तपासनीस आठवतो ना! म्हणून एक नियम केला. जपानमध्ये 'जुग्यो केन्क्यू' नावाची शिक्षकांची जुनी पद्धत आहे. काही शिक्षक मिळून एक धडा तयार करतात, एक जण तो शिकवतो आणि बाकीचे मागे बसून बघतात. पण बघायचं ते मुख्यतः मुलांकडे. कुठलं मूल कुठे अडलं, कुठे त्याचा चेहरा खुलला, कुठे कंटाळलं. नंतर चर्चा होते ती सगळ्यांनी मिळून बांधलेल्या धड्याची. तोच नियम आम्ही घेतला. मी बाहेर पडताना दोनच गोष्टी सांगतो, मुलांच्याच. "त्या कोपऱ्यातल्या मुलाने आज पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोललं, तुमच्या लक्षात आलं का?" असं काही. वर्षातून दोनदा दोन जोड्या मिळून एक धडा बांधतात आणि एकमेकांच्या वर्गात बसतात.

चौथी गोष्ट पालकांसाठी आहे, त्यामुळे जरा जपून बोलतो. तक्रार असेल तर ती माझ्याकडे यायची, शिक्षकांकडे थेट नाही आणि सगळ्यांना कॉपी ठेवून तर नाहीच. तक्रार आली की मी आधी त्या वर्गात जाऊन बसतो आणि पालकांनाही बसायला बोलावतो. शिक्षकाची चूक असेल तर ती एकट्यात सांगतो. चारचौघांत मी शिक्षकाच्या बाजूने उभा असतो. यावर मला "तुम्ही नेहमी शिक्षकांचीच बाजू घेता" असं ऐकून घ्यावं लागतं. घेतो ऐकून. मूल आपलं असतं, काळजी वाटणारच. पण विनावेतन शिकवणाऱ्या माणसाचा मान चारचौघांत गेला, की तो परत येत नाही आणि नुकसान आपल्याच मुलाचं होतं. माझ्या मुलीचं झालं.

पाचवी, शिक्षकांची स्वतःची मुलं. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी एक खोली ठेवली आहे. दोन पालक पाळीने तिथे बसतात. खडू खायला मिळत नाही, केळं मिळतं. एवढी साधी गोष्ट २०२२ मध्ये केली असती तर काय बिघडलं असतं?

आणि सहावी, विचारणं. मे महिन्यात "पुढच्या वर्षी येणार का?" असं विचारून उपयोग नाही, तोवर माणसाने मनाशी ठरवलेलं असतं. मी फेब्रुवारीत विचारतो, समोर बसून. काय जड जातंय? काय कमी करू? कुठला वर्ग आवडेल? आमची शाळा बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे चालते. पण त्यातलं काय कुठल्या महिन्यात घ्यायचं आणि गृहपाठ किती द्यायचा, हे आता शिक्षकच ठरवतात. मला पटलं नाही तरी एक वर्ष करून बघतो. गृहपाठ अर्धा करायचा असं त्यांनी ठरवलं तेव्हा मला मुळीच पटलं नव्हतं. आता अर्धा गृहपाठ निदान होऊन तरी येतो. आणि एखाद्याला एक वर्ष सुटी हवी असेल तर आनंदाने द्यायची. चहाला यायचं आमंत्रण मात्र चालू ठेवायचं. दार उघडं असेल तर माणूस परत येतो.

इथे कोणी म्हणेल, की अहो, एवढं कशाला? तळमळीची माणसं जमवा, शाळा चालेल. या तळमळीबद्दल आपल्याकडची एक गोष्ट सांगून संपवतो.

१८८० च्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर लवकरच येऊन मिळाले. चिपळूणकर १८८२ मध्येच गेले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं. पुढे गोपाळ कृष्ण गोखलेही तिथे शिकवायला आले. टिळक, आगरकर, आपटे, गोखले एका शिक्षकखोलीत! यापेक्षा तळमळीचा स्टाफ कोणाला मिळणार? तरीही पगारवाढ हवी की नको, संस्थेबाहेरची कामं किती करायची, यावरून मतभेद वाढत गेले आणि १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. टिळक आणि आगरकर तर डेक्कन कॉलेजपासूनचे मित्र. चूक कोणाची, यावर दोन पुणेकर आजही वाद घालतील. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की तळमळ असली म्हणून कोणी किती वेळ द्यायचा आणि कशाची अपेक्षा धरायची, हे प्रश्न सुटत नाहीत. ते वेळेवर बोलावे लागतात. तालमीला वेळ आहे मग शाळेला का नाही, अशी कुजबुज आपल्या मंडळातही चालतेच की!

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. टिळकांसारखा माणूस गेला तरी ती संस्था मोडली नाही. तिथे शिकवणारे आजीव सभासदच संस्थेचा कारभार बघत होते. शाळा एकट्या कोणाची नव्हती. आपटे यांच्या नंतर १८९२ मध्ये आगरकर प्राचार्य झाले, ते १८९५ मध्ये जाईपर्यंत. गोखले १९०२ पर्यंत राहिले. संस्था आजही आहे. आपल्या शाळा एकेका उत्साही माणसावर चालतात आणि त्याची बदली झाली की बंद पडतात. म्हणून मी आता एक्सेल शीटमधला एक नवा चौकोन भरतो आहे, शाळाप्रमुखाचा. दोघी शिक्षिका माझ्याबरोबर काम शिकताहेत. मी उद्या सिअॅटलला गेलो तरी शाळा चालली पाहिजे.

आता निकाल विचाराल. मे महिन्यात आमच्याकडे दहा शिक्षक होते. त्यातले नऊ पुढच्या महिन्यात परत येताहेत. दहावे आयोवाला गेले, त्यांनी तिथे शाळा आहे का याची चौकशी सुरू केली आहे. सगळं गोड झालं असं मात्र नाही. त्या अकरांपैकी जी सात मुलं गेली त्यातली दोनच परतली. ताई वर्गावर परत आल्या नाहीत. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा नाही म्हटलं, आणि त्यांना तसा हक्क आहे. पण गेल्या वर्षी त्यांनी स्वतःहून फोन केला, "नव्या शिक्षकांना एक संध्याकाळ भाजीवालीचा खेळ दाखवू का?" परवा गुरुवारी त्यांनी तो यंदाच्या नव्या शिक्षकांनाही दाखवला. मी मेथी घ्यायला उभा होतो. "हाऊ मच" असं तोंडातून निसटलं आणि मला मेथी मिळाली नाही.

पालकांना एकच विनंती करतो. येत्या सप्टेंबरात मुलाला सोडायला याल तेव्हा गाडीतून उतरा. वर्गाच्या दारापर्यंत या. मूल घरी येऊन शाळेतलं जे काही बोललं असेल, एखादं गाणं, एखादा शब्द, ते त्या शिक्षकाला सांगा. "थँक्यू" पुरत नाही. "काल आमच्या मुलाने आजीला फोनवर 'पावणेदोन वाजले' असं सांगितलं," हे सांगा. तेवढ्यावर ते अख्खं वर्ष काढतात.

आणि शाळा चालवणाऱ्यांनो, शिक्षक कुठून आणायचे हे शोधत बसण्याआधी एकदा आपल्याकडे आहेत त्यांच्या वर्गात जाऊन बसा.

माझी वीस मिनिटं केव्हाच संपली. बटाटेवडे गार होताहेत.